खेळाचे नियम आणि बिनपगारी पंच

शेतकी मासिकाच्या पानांवर कबड्डीचा विषय पाहून कित्येक वाचकांस आश्चर्य वाटेल, हें मी जाणून आहें. खतें, बियाणें, पाटपाणी आणि बाजारभाव हे या मासिकाचे नित्याचे विषय. तथापि सुगी उरकल्यावर यात्रेच्या दिवसांत गांवचा तरुण ज्या मैदानावर उतरतो, तें मैदानही कोणाच्या तरी शेतांतच आंखलेलें असतें. आणि तेथें एकदां वांकडें आलें म्हणजे त्याचे परिणाम पुढें बैलाच्या उसनवारीपासून सोयरिकीपर्यंत पोहोंचतात, हें आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलेलें आहे. मी महसूल खात्यांत तीस वर्षें कारकुनी केली. त्याच काळांत सुटीच्या दिवशीं कृष्णाकांठच्या गांवांतून कबड्डीच्या सामन्यांस पंच म्हणून उभा राहत आलों. या दुसऱ्या कामाचा एक पैसा मिळाला नाहीं व मीं कधीं मागितलाही नाहीं. चहा, दुपारीं पिठलेंभाकरी आणि शेवटीं एक नारळ, एवढीच त्याची प्राप्ति. परंतु मनुष्यस्वभावाविषयीं जें कांहीं मला कळलें, तें कचेरीपेक्षां या मैदानावरच अधिक कळलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आज आपण ज्यास कबड्डी म्हणतों तो खेळ पूर्वीं ठिकठिकाणीं निरनिराळ्या रीतीनें खेळत असत. संजीवनी या प्रकारांत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला म्हणजे आपला बाद झालेला गडी पुन्हां जिवंत होई. गामिनींत सगळा संघ बाद होईपर्यंत कोणीही परत येत नसे. आणि अमर या प्रकारांत बाद झालेला गडी मैदानांतच राहून केवळ गुण मोजला जाई. अर्थातच एका गांवचा संघ दुसऱ्या गांवीं गेला म्हणजे खेळापेक्षां वादच अधिक चाले. १९२१ सालीं महाराष्ट्रांत संजीवनी आणि गामिनी यांची सांगड घालून नियमांची एक चौकट तयार झाली. १९२३ सालीं बडोद्यास हिंदविजय जिमखान्याच्या विद्यमानें अखिल भारतीय सामने झाले, त्या वेळीं त्या नियमांस पुन्हां हात लावण्यांत आला. खोखोचे नियम तर त्याहीपूर्वीं, १९१४ सालीं, पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें बसविले होते. कबड्डीचा अखिल भारतीय महासंघ १९५० सालचा, म्हणजे बराच मागाहूनचा. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, हे नियम कोणा अंमलदारानें हुकूम काढून लादलेले नव्हते. ज्यांस खेळाची हौस होती तेच एकत्र बसले, भांडले, आणि ज्यावर एकमत झालें तें त्यांनीं लिहून ठेवलें.

या जुन्या नियमांत सर्वांत कठीण नियम दमाचा. चढाई करणाऱ्यानें मध्यरेषा ओलांडण्यापूर्वीं ‘कबड्डी’ हा शब्द उच्चारावयास सुरुवात करावी, एका श्वासांत तो स्पष्ट आणि अखंड म्हणत राहावें, आणि दम तुटण्यापूर्वीं आपल्या अंगणांत परत यावें. रेषेवर पाय पडला कीं नाहीं हें फक्कीवरच्या ठशावरून चार माणसांस दाखवितां येतें. दम तुटला कीं नाहीं याचा ठसा कोठेंच उमटत नाहीं. तो फक्त पंचाच्या कानास कळतो, आणि पंचानें शिट्टी वाजविली नाहीं तर तो तुटलाच नाहीं असें होतें.

१९९६ सालच्या चैत्रांत आमच्या गांवच्या यात्रेंत अंतिम सामना आमचा संघ आणि नदीपलीकडच्या गांवचा संघ यांजमध्यें होता. पंच मी होतों. आमच्याच गांवच्या माणसानें आमच्या गांवच्या सामन्यांत पंच व्हावें यांत त्या वेळीं कोणास कांहीं वावगें वाटत नसे. मलाही वाटलें नाहीं. शेवटचें मिनिट, गुण बरोबरीचे, आणि चढाईस माझा धाकटा चुलतभाऊ. त्यानें दोघांना हात लावला, तिसऱ्यानें त्याचा घोटा धरला, आणि तो पालथा पडून मध्यरेषेकडे हात लांबवूं लागला. मी त्याच्यापासून दोन हातांवर होतों. त्यानें श्वास घेतला, तो मीं ऐकला. व्यासपीठावर बक्षिसाची रक्कम देणारे गृहस्थ बसले होते, माझे चुलते बसले होते, सारा गांव उभा होता. शिट्टी माझ्या तोंडांत होती आणि मीं ती वाजविली नाहीं. त्याचीं बोटें रेषेस लागलीं, गुलाल उडाला.

पलीकडच्या संघाचा कर्णधार माझ्यापाशीं आला. मला वाटलें, आतां धक्काबुक्की होणार. तो इतकेंच म्हणाला, “भाऊसाहेब, दम तुटला होता. तुम्हांला ऐकूं आला होता.” आणि आपल्या गड्यांना घेऊन तो अंधारांतून नदीच्या वाटेस लागला.

पुढच्या वर्षीं त्यांचा संघ आला नाहीं. त्याच्या पुढच्या वर्षीं आणखी तीन गांवें आलीं नाहींत. बक्षिसाची रक्कम दुप्पट करण्यांत आली, कर्णा लावून पंचक्रोशींत पुकारा झाला. तरी चौथ्या वर्षीं मैदानावर जे पांच संघ होते त्यांपैकीं तीन आमच्याच गांवच्या आळ्यांचे. कोणी माझें नांव घेऊन दोष दिला नाहीं. उलट आमचे लोक म्हणत, त्यांना हार पचत नाहीं. मी मात्र कारण जाणत होतों.

२००० सालच्या माघांत मी नदी ओलांडून त्या कर्णधाराच्या मळ्यांत गेलों. हळदीची काहील चुलाणावर होती आणि तो पाला सारीत होता. त्यानें मला बसावयास पोतें दिलें, चहा सांगितला. मीं झाला प्रकार कबूल केला. तो म्हणाला, “तें मला ठाऊक होतें, भाऊसाहेब. तुम्हीं सांगितलें, बरें केलें. पण तुमच्या सांगण्यानें पोरें यायचीं नाहींत. पुन्हां दुसरा कोणी भाऊसाहेब उभा राहील आणि त्याचाही कोणी चुलतभाऊ असेल.” मीं विचारलें, “मग काय करावें, बापू?” तो म्हणाला, “तुमच्या गांवचे नियम नकोत. सगळ्यांनीं बसून करूं.”

फाल्गुनांत अकरा गांवचे प्रत्येकीं दोन असे बावीस लोक देवळाच्या सभामंडपांत बसले. लिहिण्याचें काम ओघानेंच मजकडे आलें. माझा हात सवयीनें ‘सबब’ आणि ‘उपरोक्त’ लिहूं लागला, तेव्हां एक म्हातारा पैलवान म्हणाला, “पोरांना वाचून कळेल असें लिहा, तगाईचा अर्ज नव्हे हा.” त्या बैठकीच्या वहीचीं पानें आजही माझ्यापाशीं आहेत.

पहिला वाद निघाला तो गांवचा गडी कोणास म्हणावें, याचा. मुंबईस नोकरीला गेलेला चालेल काय? आजोळीं वाढलेला लेकीचा मुलगा कोणाचा? पैसे देऊन आणलेला परजिल्ह्यांतला गडी कसा ओळखावा? मीं कारकुनी बुद्धीनें मतदारयादी आणि शिधापत्रिका सुचविली. लोक हंसले, आणि त्यांचें बरोबर होतें. कागद करणारास कागद मिळतो. शेवटीं ठरलें तें असें कीं, प्रत्येक संघानें बारा गड्यांची यादी यात्रेच्या आठ दिवस आधीं द्यावी, ती देवळांत मोठ्यानें वाचली जावी, ज्यास हरकत असेल त्यानें त्या आठ दिवसांत घ्यावी, आणि मागाहून कोणी कांहीं बोलूं नये. फेरफाराच्या नोंदीस हरकतीची मुदत असते, तोच हा प्रकार; परंतु तो माझ्या नव्हे, एका अंगठेबहाद्दर मेंढपाळाच्या डोक्यांतून निघाला.

पंचाविषयीं मीं स्वतःच कलम मांडलें कीं, खेळणाऱ्या दोन्ही गांवांपैकीं कोणाचाही पंच असूं नये. त्यास विरोध झाला नाहीं. सर्वांनीं माझ्याकडे पाहिलें मात्र. निर्णयाविरुद्ध बोलणें तें केवळ कर्णधारानें, आणि पुढची चढाई सुरू होण्यापूर्वीं. व्यासपीठावरील कोणीही, मग तो देणगीदार असो कीं आमदार, पंचास जवळ बोलावूं नये, आणि सामना चालू असतां रोख बक्षीस पुकारूं नये. हें कलम लिहितांना आमच्या गांवचे दोघे बराच वेळ गप्प होते. देणगी बंद होईल ही त्यांची भीति. दुसऱ्या वर्षीं ती देणगी खरोखरच बंद झाली आणि अकरा संघांनीं वर्गणी काढून करंडक आणला.

शिक्षेच्या कलमावर मात्र दिवस मावळला. पंचाच्या अंगावर जाणाऱ्यास जन्माचा बंद करावा, असें माझें मत होतें. चूक केलेला मनुष्य दुसऱ्यांच्या चुकांस फार कडक होतो, असें आज मला वाटतें. बापूनें तें खोडून काढलें. तो म्हणाला, “एकवीस वर्षांच्या पोराला जन्माचा बंद केलात तर तो मैदानाबाहेर राहून मैदानच बंद पाडील. त्याला पुढच्या वर्षीं यायची वाट ठेवा.” तेव्हां पहिल्या वेळीं समज, दुसऱ्या वेळीं त्या सामन्यापुरतें बाहेर बसणें, आणि तिसऱ्या वेळीं त्या यात्रेपुरती बंदी, असें ठरलें. हल्लीं अधिकृत सामन्यांतून हिरवें, पिवळें आणि तांबडें कार्ड दाखवितात. हिरव्यानें समज मिळते, पिवळ्यानें गडी दोन मिनिटें बाहेर बसतो, आणि तांबड्यानें सामन्याबाहेर जातो. आमचीं तीन कलमें त्याच धर्तीचीं होतीं.

नियम झाले, तरी ते चालविणारीं माणसें कोठून आणावयाचीं, हा प्रश्न उरलाच. पंचाचें काम कोणासच नको असतें. उन्हांत उभें राहावें, दोन्हीकडून शिव्या खाव्या, रात्रीं पाण्याची पाळी चुकवावी, आणि घरीं आल्यावर बायकोनें विचारावें, मिळालें काय? पहिल्या दोन वर्षांत आम्ही चौघेच सगळे सामने काढीत होतों. त्यांपैकीं एकजण तिसऱ्या वर्षीं मध्येंच शिट्टी टाकून घरीं गेला, आणि मला त्याचा राग आला नाहीं. मग बैठकींत असें ठरलें कीं ज्या संघास खेळावयाचें असेल त्यानें आपले दोन माणूस पंचाच्या कामास द्यावे, नाहीं तर त्याची यादी घेऊं नये. याचा एक लाभ आम्हांस अपेक्षित नव्हता. ज्या गड्यानें सकाळीं दुसऱ्यांच्या सामन्यांत शिट्टी धरली, तो दुपारीं स्वतः खेळतांना पंचाशीं सहसा हुज्जत घालीत नाहीं.

नव्या नियमांची खरी परीक्षा २००२ सालीं झाली. माझ्याच चुलतभावानें एका परगांवच्या पंचास ढकललें. आधींची समज त्याच्या नांवावर वहींत होती. मी त्या सामन्याचा गुणलेखक होतों. पंचानें माझ्याकडे वही मागितली आणि मीं ती उघडून दाखविली. भावास बाहेर बसावें लागलें व आमचा संघ हरला. चुलत्यांनीं पुढें दिवाळीपर्यंत माझ्या घरीं पाऊल टाकलें नाहीं. बांधावरून जातांना तोंड फिरवीत. पण पुढच्या चैत्रांत मैदानावर चौदा संघ होते.

नियम लिहिलेले असले म्हणजे झालें, असेंही नाहीं. ७ ऑक्टोबर २०२३ रोजीं चीनमधील हांगझोऊ येथें आशियाई क्रीडास्पर्धांत भारत आणि इराण यांचा अंतिम सामना होता. गुण २८–२८, सामना संपत आलेला. भारताचा कर्णधार पवन सेहरावत चढाईस गेला आणि कोणासही स्पर्श न होतां बाजूच्या राखीव क्षेत्रांत, ज्यास लॉबी म्हणतात तेथें, त्याचा पाय पडला. पाठोपाठ इराणचे गडीही तेथें शिरले. एका नियमाप्रमाणें मागून शिरलेले सर्व बाद. दुसऱ्या, नव्या नियमाप्रमाणें चढाईवाला तेवढा बाद. दोन्ही पक्षांपाशीं आपापला नियम होता. पंचांचा निर्णय फिरला, पुन्हां फिरला, आणि सुमारें तासभर खेळ थांबला. शेवटीं भारत ३३–२९ असा जिंकला. आमच्या गांवचीं पोरें भ्रमणध्वनीवर तें पाहत होतीं आणि विजयाचा आनंद करीत होतीं. मला मात्र सारखें वाटत होतें कीं, कोणता नियम चालणार हें त्या पंचांना सामन्याच्या आधीं कोणी एका कागदावर लिहून दिलें असतें तर बरें झालें असतें.

म्हणून २०२४ सालच्या फाल्गुनांतील बैठकींत पहिला विषय लॉबीचाच निघाला आणि अर्ध्या घटकेंत संपला. एक रीत ठरली, वहींत लिहिली, सर्वांनीं सह्या केल्या. दुसरा विषय दमाचा. अधिकृत सामन्यांतून आतां चढाईस तीस सेकंदांची मुदत असते आणि ती घड्याळ मोजतें. आमच्याकडे मात्र दम ऐकण्याची जुनी रीतच चालत आली होती. तरुणांनीं घड्याळ मागितलें. जुन्या खेळाडूंनीं निकरानें विरोध केला. दम हाच या खेळाचा प्राण, घड्याळ आणलें तर मग तें पळणें आणि धरणें एवढेंच राहील, असें त्यांचें म्हणणें, आणि तें अगदींच खोटें नाहीं. बापू आतां थकला आहे. तो खांबास टेकून बसला होता आणि जुन्यांच्या बाजूनें बोलला. मत घेण्याची वेळ आली तेव्हां त्यानें माझ्याकडे पाहिलें. मीं घड्याळाच्या बाजूनें हात वर केला. तो कांहीं बोलला नाहीं, फक्त मान हालविली, आणि घड्याळ दोन मतांनीं मंजूर झालें.