थांबण्याचाही हुकूम लागतो

हात हलवायला मेंदू लागतो, हे कुणालाही पटतं. हलता हात थांबवायलाही मेंदूला राबावं लागतं, हे विज्ञानाच्या गळी उतरायला मात्र शंभर वर्षं गेली.

सुरुवात हृदयापासून झाली. 1845 मध्ये जर्मनीच्या वेबर बंधूंनी बेडकाच्या मेंदूतून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूला विजेचा झटका दिला आणि हृदय चक्क थांबलं. मज्जातंतूचं काम चेतवायचं, असं मानणाऱ्यांना हा प्रकार उफराटाच वाटला. मग 1862 मध्ये रशियाचे इव्हान सेचेनोव्ह पॅरिसला क्लोद बर्नार यांच्या प्रयोगशाळेत आले. बेडकाचा पाय सौम्य आम्लात बुडवला की तो झटकन वर ओढला जातो. सेचेनोव्ह यांनी मेंदू मध्ये छेदला आणि उघड्या पडलेल्या भागावर मिठाचा खडा ठेवला. पाय आम्लातच, पण बेडूक ढिम्म! बऱ्याच वेळाने पाय वर आला. वरून कुणीतरी मज्जारज्जूला आवरून धरत होतं. प्रयोगाचं सामान पाहा: बेडूक, आम्ल, मीठ.

पुढे ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी दाखवलं, की एक स्नायू आकसतो तेव्हा त्याच्या विरुद्ध बाजूचा सैल सोडण्याचा हुकूमही सुटलेला असतो. 1932 च्या त्यांच्या नोबेल व्याख्यानाचा विषय हाच होता. न्यूझीलंडच्या डनेडिनमध्ये 1951 साली जॉन एकल्स यांनी मांजराच्या एकेका चेतापेशीत सूक्ष्म नळी खुपसून ही मनाई मोजली. ती रसायनामार्फत येते हे दिसताच, पेशीपेशींतला संदेश विजेनेच जातो म्हणून वर्षानुवर्षं भांडलेल्या या गृहस्थांनी स्वतःचं मत सोडून दिलं.

हालचालीला असा लगाम घालणारं, मसुराच्या आकाराचं सबथॅलॅमिक केंद्र मेंदूच्या तळाशी आहे. त्याला इजा झाली की विरुद्ध बाजूचे हातपाय बेफाम फेकले जातात, हे 1927 मध्ये जे. पी. मार्टिन यांनी नोंदवलं. हालचाल मंदावणाऱ्या पार्किन्सनच्या आजारात उलट घडतं: तेच केंद्र अति काम करतं. 1990 मध्ये पार्किन्सनसारखी लक्षणं असलेल्या माकडांत ते निकामी करताच ताठरलेली माकडं हालचाल करू लागली. आज रुग्णांच्या मेंदूत तिथेच इलेक्ट्रोड बसवतात.

2023 मध्ये कोपनहेगनच्या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूच्या खोडातल्या काही पेशी प्रकाशाने चेतवल्या. उंदीर पाऊल उचललेल्या स्थितीतच थिजले, श्वास आणि ठोके मंदावले. प्रकाश बंद होताच अर्धवट राहिलेलं पाऊल पुढे पडलं. मुलांच्या ‘स्टॅच्यू’च्या खेळातही इतकी शिस्त नसते. पार्किन्सनच्या रुग्णांची हालचाल मंदावते किंवा अडते, त्यामागे याच पेशींचा अतिरेक असू शकेल, अशी शंका त्या संशोधकांनी मांडली आहे. ती माणसांत अजून तपासायची आहे.