वेरूळच्या भिंतीत भांगेचा धागा

सुटीत मुलाबाळांना घेऊन अजिंठा-वेरूळ पाहून आलेली कुटुंबे आपल्या वस्त्यांत पुष्कळ आहेत. अजिंठ्याला चित्रांचे पोपडे गेलेले पाहून जीव हळहळतो. दमट हवा, पावसाचे पाणी, माणसांची गर्दी ही कारणे आपण ऐकून असतो. पण आणखी एक वैरी आहे, तो म्हणजे कीड.

ही चित्रे थेट दगडावर काढलेली नाहीत. दगडावर आधी मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि मग रंग. गिलावा तडकू नये म्हणून मातीत भाताचे तूस, काडी-गवत कालवत. आपल्या आया-आज्या भिंत लिंपताना मातीत भुसा का मिसळत, हे ज्यांनी पाहिले त्यांना वेगळे सांगायला नको. पण कीड नेमकी हीच काडी खाते. गिलावा आतून पोकळ होतो आणि रंगासकट गळतो. अजिंठ्याची निदान पाव हिस्सा चित्रे किडीने नासवली, असे अभ्यासकांनी म्हटले आहे.

वेरूळला मात्र किडीचा उपद्रव आढळत नाही. असे का? पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ राजदेव सिंग आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक एम. एम. सरदेसाई यांनी याचे उत्तर २०१६ साली प्रसिद्ध केले. बारा नंबरच्या, म्हणजे तीन मजली बौद्ध विहारातल्या गिलाव्याचे कण त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. जालन्याकडून आणि दिल्लीच्या आसपासहून आणलेल्या झाडांशी त्यातले तंतू ताडून पाहिले. ते निघाले भांगेचे! ताग नव्हे, अंबाडीही नव्हे. गिलाव्यात त्याचे प्रमाण सुमारे १० टक्के होते. भांगेचा तंतू चिवट असतो, दमटपणा सोसतो आणि कीड त्याच्या वाटेला जात नाही. दौलताबादच्या किल्ल्यातही पुढे हाच मसाला वापरलेला सापडला आहे. तो मळणाऱ्या कारागिरांची नावे मात्र कुठल्याच शिलालेखात नाहीत.

आज फ्रान्ससारख्या देशांत भांगेच्या खोडाचा भुगा चुन्यात कालवून घराच्या भिंती भरतात. वजनाला हलक्या, उन्हाळ्यात गार. छताचा भार मात्र त्या पेलत नाहीत, त्यासाठी लाकडाचा सांगाडा लागतो. उत्तराखंडातही असे घर झाले आहे.

मातीच्या घराचे कौतुक करणारे बहुधा पक्क्या घरात राहतात, हे आम्हांला ठाऊक आहे. पत्र्याखाली मे महिना काढणाऱ्याला आधी पक्की भिंत हवी, आणि त्याचे बरोबरच आहे. पण ती सिमेंटचीच का असावी, हे विचारायला हरकत नाही. मात्र कुणी उत्साहाने परसात झाड लावू नये. १९८५च्या कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय भांगेची लागवड हा गुन्हा आहे.

वेरूळला जाल तेव्हा बारा नंबरचे तिन्ही मजले चढा. मुलांना भिंतीवरचा गिलावा दाखवा, पण लांबूनच. हात लावू देऊ नका.