शिळा भात? पोटातली पब्लिक खूश!

ऑफिसात कुणी भंडारा, तुमसर किंवा पवनीचा असेल, तर नुसत्या पोळी-भाजीवर त्याचं भागत नाही. भात लागतो! धानाचा जिल्हा आहे तो. रात्रीचा भात उरला की सकाळी फोडणी पडते. आपण 'शिळं' म्हणून नाक मुरडतो, पण आतड्यातली पब्लिक त्यावर जाम खूश असते.

ही पब्लिक म्हणजे बॅक्टेरिया. एका माणसात अंदाजे ३८ लाख कोटी, बहुतेक मोठ्या आतड्यात. त्यांच्या आणि आपल्यामध्ये भिंत किती जाड? पेशींचा फक्त एक थर आणि त्यावर चिकट म्युकसचा लेप. भिंतीपलीकडे इम्यून सिस्टिम चोवीस तास ड्यूटीवर.

भात थंड झाला की त्यातला थोडा स्टार्च असा घट्ट होतो की लहान आतड्यात पचतच नाही. तो थेट बॅक्टेरियांच्या मेसमध्ये पोचतो. ते त्यापासून ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात. मोठ्या आतड्याच्या पेशींचं मुख्य इंधन तेच. पेशींमधले सांधे त्यामुळे पक्के राहतात. शिवाय भांडण आवरणाऱ्या टी-पेशी वाढायला मदत होते, म्हणजे घरच्याच बॅक्टेरियांवर इम्यून सिस्टिम उगाच खेकसत नाही.

आणि मेस बंद ठेवली तर? रोज पिझ्झा, बिस्किटं, कोल्ड्रिंक? २०१६ साली उंदरांवरच्या एका प्रयोगात, फायबर न मिळालेले बॅक्टेरिया चक्क म्युकसच खाऊ लागले. लेप पातळ झाला आणि बाहेरून दिलेला रोगजंतू भिंतीपर्यंत सहज पोचला. माणूस उंदीर नाही, मान्य. पण प्रोबायोटिकची महागडी बाटली घेण्याआधी डब्यात काय आहे ते बघा की!

भाताला मात्र हीरो करू नका, प्लीज. २०१५ च्या एका अभ्यासात १०० ग्रॅम ताज्या भातात असा स्टार्च ०.६४ ग्रॅम निघाला, फ्रिजमध्ये २४ तास ठेवून गरम केलेल्यात १.६५. म्हणजे चिमूटभरच. खरी मेजवानी डाळी, शेंगा, भाज्यांत. भंडाऱ्याकडे बांधीच्या धुऱ्यावर तूर लावतात. भातावर ते वरण हवंच.

आणि भात रात्रभर ओट्यावर? अजिबात नाही. बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू शिजवूनही टिकतात आणि त्याचं उलट्या करवणारं विष गरम केल्यानं जात नाही. तासाभरात फ्रिजमध्ये टाका. सकाळी चांगली वाफ येईपर्यंत परता. कांदा, मिरची, वरून सांभार. (पुणेकरांनो, तिकडे सांभार म्हणजे कोथिंबीर!)