संगणकाचा राब भाजण्यापूर्वी

भोर आणि वेल्हे हा मावळचा मुलूख. मृग लागला की ढग डोंगरावरून खाली उतरतात आणि पुढचे तीन-चार महिने घरात कोरडे असे काही राहत नाही. भिंतींना ओल धरते, विजा कडाडतात, घरची वीज दिवसातून चारदा जाते नि येते. अशा दिवसांत घरातला संगणक कुरकुरू लागला तर नवल नाही. कुणी तो मुलीच्या अभ्यासासाठी घेतलेला असतो, कुणी बचत गटाच्या किंवा दूधसंकलनाच्या हिशेबासाठी. काम ऐन भरात असताना तो एकाएकी बंद पडतो, पडद्यावर इंग्रजी संदेश येतो, आपोआप पुन्हा सुरू होतो आणि दहा मिनिटांनी पुन्हा तेच.

मग तो पिशवीत घालून तालुक्याच्या गावी नेला जातो. दुरुस्तीवाला म्हणतो, "दादा, फॉरमॅट मारून टाकू. तासाभरात नव्यासारखा!"

त्याला दोन दिवस थांबायला सांगा. फॉरमॅट मारणे म्हणजे संगणकातील सगळे पुसून विंडोज नव्याने बसवणे. आपण भाताचा राब भाजतो, तसेच हे काम आहे. तणाचे बी मरते, वाफा स्वच्छ होतो. पण बियाण्याची कणगी वाफ्यात ठेवून कुणी काडी लावत नाही. आणि बांधच फुटलेला असेल, तर नुसता राब भाजून भात पिकत नाही.

आधी बियाणे बाजूला

संगणक थोडा वेळ जरी चालत असेल, तर पहिले काम मोलाच्या गोष्टी बाहेर काढण्याचे. सातबारा गेला तर घाबरू नका. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ पासून महाभूमीच्या संकेतस्थळावर मिळतो. तो पुन्हा काढता येतो. पण गटाचे हिशेब, मुलीने महिनाभर खपून केलेला प्रकल्प, गेलेल्या आजोबांचे एकुलते एक छायाचित्र, हे कोणत्याही कचेरीत पुन्हा मिळणार नाही.

या साऱ्याच्या दोन प्रती करा. एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर, दुसरी वेगळ्या पेनड्राइव्हवर नातेवाइकाच्या घरी. प्रत केली एवढ्यावर समाधान मानू नका. दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. हिशेबाच्या प्रोग्रॅमची माहिती बहुधा वेगळ्याच फोल्डरमध्ये असते, ती कुठे आहे हे तो बसवणाऱ्याला विचारून घ्या.

मराठी मजकुराची एक खोच अनेकांना नंतर कळते. जुने ठराव आणि अर्ज श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टंकलेले असतील, तर नव्या विंडोजवर ते इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन दिसतात. मजकूर गेलेला नसतो, फक्त फॉन्ट नसतो. म्हणून फॉन्टच्या फाइलीही जपून ठेवा आणि पुढचे लेखन युनिकोडमध्ये करा.

दुखणे कशात आहे?

एक वही घ्या. संगणक कधी बंद पडला, त्या वेळी काय चालू होते, पडद्यावर कोणता संदेश आला, हे लिहा. संदेशाचा मोबाइलवर फोटो काढलात तरी चालेल. एका वेळी एकच गोष्ट बदला. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने गुण आला हे कळत नाही.

पहिली तपासणी विजेची. प्लग सैल आहे का? अर्थिंग नीट आहे का? पंप सुरू झाला की दिवे मंदावतात का? दुसऱ्या घरी, चांगल्या विजेवर तोच संगणक ठीक चालत असेल, तर दोष विजेत आहे. तिथे यूपीएस आणि वायरमन हवा, फॉरमॅट नव्हे.

दुसरी उष्णतेची. अर्धा तास चालून तापतो आणि मग बंद पडतो, असे असेल तर आतला पंखा आणि धूळ पाहा. चुलीचा धूर आणि भाताचा तूस आत जाऊन चांगला थर धरतात. वायर काढून, मऊ ब्रशने हलक्या हाताने झाडा. लॅपटॉप गोधडीवर ठेवून वापरू नका, त्याच्या हवेच्या फटी बंद होतात.

तिसरी रॅमची. दरवेळी वेगळाच संदेश येत असेल तर रॅमवर संशय घ्यावा. विंडोजमध्येच मेमरी डायग्नोस्टिक नावाची तपासणी आहे. शोधाच्या चौकटीत ते नाव टाकले की सापडते. कधी कधी रॅमची पट्टी ओलीने किंवा हादऱ्याने सैल झालेली असते. ती काढून पुन्हा घट्ट बसवल्यानेही भागते.

चौथी हार्ड डिस्कची. टकटक आवाज येणे, साधी फाइल उघडायला पाच मिनिटे लागणे ही वाईट लक्षणे. ती दिसली तर बाकीच्या तपासण्या सोडून आधी माहिती बाहेर काढा. डिस्क मरणपंथाला लागली असेल तर तिच्यावर नवी विंडोज बसवणे म्हणजे कुजलेल्या तुळईवर नवी कौले चढवणे.

विंडोजचाच दोष असेल, तर तो बहुधा नवा प्रोग्रॅम, नवा ड्रायव्हर किंवा नवे अपडेट आल्यापासून सुरू झालेला असतो. सेफ मोडमध्ये संगणक शांत चालला, तर या संशयाला बळ मिळते. आणखी एक परीक्षा आहे. लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून, काहीही न पुसता, संगणक त्यावरून दोन-तीन तास चालवा. तेव्हाही बंद पडला, तर दोष यंत्रात आहे. ठीक चालला, तर बरेचसे बोट विंडोजकडे जाते. अशा वेळी आधी नवा प्रोग्रॅम काढून पाहा. तेवढ्याने भागले नाही, तरच फॉरमॅट.

नव्याने बसवताना

विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणून बसवायचीच तर विंडोज ११ चालेल का ते पाहा. तिला निदान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० आणि तिच्या यादीतला प्रोसेसर लागतो. जुन्या संगणकाला हे जमत नसेल, तर लिनक्स हा मोफत पर्याय आहे. पुण्यातच मुख्यालय असलेल्या सी-डॅकने बॉस नावाची लिनक्स तयार केली आहे. चोरीची प्रत मात्र घेऊ नका. ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार करायचे, त्याच्या दाराची किल्ली परक्याच्या हाती कशाला?

निदान ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या, त्यावरचे सारे पुसले जाते. विंडोज मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावरून उतरवा. फाइल मोठी असते. खोऱ्यात रेंज नसेल तर भोरला किंवा नसरापूरला जाऊन हे काम उरका. नेटच्या आणि प्रिंटरच्या ड्रायव्हरच्या फाइली आधीच घेऊन ठेवा, नाहीतर विंडोज बसते पण नेट लागत नाही. पासवर्ड वहीत लिहा. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल तर त्याची रिकव्हरी कीही लिहून ठेवा.

वीज टिकेल असा दिवस निवडा. सुरू करण्यापूर्वी माहितीची डिस्क संगणकापासून काढून ठेवा, चुकून तीच पुसली गेल्याची उदाहरणे कमी नाहीत. विंडोज बसली की आधी ड्रायव्हर आणि अपडेट घाला आणि एक-दोन दिवस तशीच चालवून पाहा. मग एकेक प्रोग्रॅम चढवा. जुना त्रास परत आला, तर कशामुळे आला हे लगेच समजेल. काहीच न चढवता परत आला, तर वही घेऊन यंत्राकडे वळा.

आणि विजा कडाडू लागल्या की प्लग उपसून ठेवा, नेटची वायरही. याला एक पैसा लागत नाही.