पाय दुखतो, पण हृदयाचा व्यायाम थांबवू नका

रत्नागिरीत सपाट रस्ता शोधावा लागतो. घरातून बाहेर पडलो की एकतर चढ नाहीतर उतार. मशिदीकडे जायचे तर पाखाडी, बाजारातून परतायचे तर घाटी. मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळीचे काम करणाऱ्या आमच्या बहिणी तासन्‌तास सिमेंटच्या ओल्या फरशीवर उभ्या असतात. घरातल्या अम्मी-दादी दिवसभर गार लादीवर अनवाणी वावरतात. अशा ठिकाणी टाच, तळवा किंवा घोटा दुखणे ही घरोघरची तक्रार असावी, यात नवल नाही.

नवल वेगळ्याच गोष्टीचे वाटते. पाय दुखू लागला की आपण सर्वात आधी चालणे बंद करतो. डॉक्टरांनी साखर किंवा रक्तदाबासाठी चालायला सांगितलेले असते, तरीही ‘पाय बरा झाला की बघू’ म्हणून महिने जातात. तोवर वजन वाढते, साखर वाढते, चार पायऱ्या चढताना दम लागतो. वाढलेले वजन पुन्हा त्याच दुखऱ्या पायावर येते आणि पाय आणखी दुखतो. हे चक्र तोडायचे असेल, तर एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. व्यायाम हृदयाला हवा असतो आणि हृदयाची गती वाढवायला पाय आपटावेच लागतात असे नाही.

आधी दुखणे ओळखा

फजरच्या नमाजसाठी उठल्यावर पहिली काही पावले टाचेत खिळा टोचल्यासारखी वाटतात आणि थोडे चालल्यावर बरे वाटते, असे असेल तर बहुधा टाचेपासून बोटांपर्यंत जाणारा तळव्याचा जाड पट्टा दुखावलेला असतो. डॉक्टर याला प्लांटर फॅसायटिस म्हणतात. हे दुखणे चिवट असते, पण ताण देण्याचे व्यायाम आणि योग्य चपला यांनी काही महिन्यांत बहुतेकांचे कमी होते.

चालताना पोटरी भरून येते आणि थांबल्यावर लगेच मोकळी होते, तेव्हा दोष पायाच्या रक्तवाहिन्यांत असू शकतो. तळवे बधिर होणे, मुंग्या येणे, आग होणे ही मधुमेहाने नसांना झालेल्या इजेची लक्षणे असू शकतात. या दोन्ही बाबतींत घरगुती उपायांत वेळ न घालवता तपासणी करून घ्यावी.

पाय लाल, गरम किंवा सुजलेला असेल, जखम भरत नसेल, पायावर भार देता येत नसेल किंवा एकच पोटरी अचानक सुजून दुखत असेल, तर व्यायाम बंद ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मधुमेही व्यक्तीचा गरम, सुजलेला पाय दुखत नसला तरी धोक्याचा असतो.

भार कमी, हृदयाला काम

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मोठ्या माणसांनी आठवड्यात निदान १५० मिनिटे मध्यम जोराचा व्यायाम करावा. मध्यम जोर म्हणजे बोलता येईल, पण गाता येणार नाही इतका दम लागणे. ही मिनिटे तुकड्यातुकड्यांनीही भरता येतात.

खुर्चीवरचा व्यायाम सर्वांत सोपा. पडद्यातल्या बहिणींना, वयस्कांना आणि पावसाळ्यात घरात अडकलेल्या सर्वांनाच तो जमतो. चाके नसलेल्या भक्कम खुर्चीवर ताठ बसा. बसल्या जागी गुडघे आळीपाळीने वर उचला, हात मुठी आवळून पुढे मारा, मग एकेक पाय समोर सरळ करा. एक मिनिट करा, अर्धा मिनिट थांबा. असे दहा मिनिटे केले तरी दम लागतो. सवय झाल्यावर हातात पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या धरा.

घरात जागा आणि ऐपत असेल तर एका जागी उभी राहणारी व्यायामाची सायकल चांगली. तिच्यात पायाला हिसका बसत नाही. पॅडल बोटांनी न दाबता पावलाच्या मधल्या भागाखाली ठेवा, बूट घाला आणि सुरुवातीला भार अगदी हलका ठेवा. रस्त्यावरच्या सायकलीचे आमच्या चढांवर तसे होत नाही. उभे राहून पॅडल मारताना सगळा जोर पावलाच्या पुढच्या भागावर येतो.

पोहण्याच्या तलावाची आणि महिलांसाठी वेगळ्या वेळेची सोय असेल, तर पाण्यातला व्यायाम फार सुखाचा. छातीइतक्या पाण्यात चालताना शरीराचा बराचसा भार पाणीच पेलते. मात्र पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नये आणि या व्यायामासाठी समुद्रात तर मुळीच जाऊ नये.

मोबाइलवरचे उड्या मारण्याचे व्यायाम, दोरीच्या उड्या, जिने भराभर चढणे-उतरणे आणि धावणे हे पाय बरा होईपर्यंत दूर ठेवा.

चालायचेच असेल तर

तीस मिनिटे सलग चालण्याऐवजी दहा मिनिटे तीनदा चाला. चढ-उतार टाळा. मांडवी किंवा भाट्याच्या किनाऱ्यावर अनवाणी चालणे पायाला चांगले असे अनेकांना वाटते, पण मऊ वाळूत टाच खोल जाते आणि तळव्याचा पट्टा जास्त ताणला जातो. पाण्याकडे उतरत्या किनाऱ्यावर एका पायावर जास्त भार येतो. जायचेच तर ओहोटीच्या वेळी घट्ट, सपाट वाळूवर बूट घालून जा. पावसाळ्यात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते, तेव्हा घरातला व्यायामच बरा.

टाचेला आधार देणारी, फार पातळ नसलेली चप्पल घरातही वापरा. सकाळी पलंगावरून उतरण्याआधी टॉवेल पावलाच्या पुढच्या भागाला अडकवून पाय सरळ ठेवून स्वतःकडे ओढा. तीस सेकंद धरा, तीनदा करा. पहिल्या पावलाची कळ यामुळे कमी होते.

किती दुखले तर चालेल? शून्य ते दहा असे माप मनाशी धरा. व्यायाम करताना दुखणे तीनच्या आत असेल आणि दुसऱ्या सकाळी नेहमीपेक्षा जास्त नसेल, तर ठीक. जास्त असेल तर पुढच्या वेळी वेळ निम्मी करा.

हजची तयारी करणाऱ्यांसाठी

हजला जाणाऱ्यांना तर याची दुप्पट गरज. सफा-मरवाच्या सात फेऱ्यांचेच अंतर सुमारे ३ किलोमीटर होते. त्याआधी तवाफ, नंतर मिना आणि जमरातची पायपीट, तीही गर्दीत आणि उन्हात. शेवटच्या पंधरवड्यात एकदम चालायला लागले की नेमका पाय धरतो. निदान तीन महिने आधी सुरुवात करा. आधी खुर्ची किंवा सायकलवर दम वाढवा, मग दर आठवड्याला चालण्याची थोडी थोडी मिनिटे जोडा. नव्या चपला घरीच वापरून मऊ करा. इहराममध्ये पुरुषांना कशी पादत्राणे चालतात, हे आपल्या आलिमांना आधीच विचारा.

पाय साथ देत नसेल तर तिथे व्हीलचेअरची सोय असते. आजारी माणसाला नमाज बसून किंवा खुर्चीवर पढण्याची सवलतही दीनने दिली आहे. दुखरी बोटे आणि टाच जबरदस्तीने मुडपून दुखणे वाढवण्यापेक्षा ती सवलत घेण्यात संकोच नसावा.

मधुमेह असेल तर

ज्यांचे तळवे बधिर आहेत त्यांना वेदना इशारा देत नाही. त्यांनी अनवाणी चालूच नये. रोज रात्री तळवे आरशात पाहावेत किंवा घरातल्या कुणाकडून पाहून घ्यावेत. वजू केल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी चालू असेल तर व्यायामाच्या वेळी साखर किंवा ग्लुकोज जवळ ठेवावे. व्यायामात छातीत दुखले, जबडा किंवा हात भरून आला, घेरी आली, तर लगेच थांबून मदत मागावी.

सुरुवात अशी करा

पहिला आठवडा रोज दहा मिनिटे खुर्चीवर. दुसऱ्या आठवड्यात सकाळी दहा, असरनंतर दहा. तिसऱ्या आठवड्यापासून हळूहळू तीस मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे १५० मिनिटे पूर्ण. घरातल्या आजारी माणसाला ‘चाला, चाला’ म्हणण्याऐवजी शेजारी दुसरी खुर्ची मांडून आपणही बसावे. अम्मीच्या सोबत सून आणि नातवंडे बसली, तर व्यायाम चुकत नाही.