चेरीतालपासून बडा शिमल्यापर्यंत

उत्क्रांतीचे पुरावे जबलपूरच्या हद्दीतच आहेत. ते वाचायला शिकवणं हे महाविद्यालयाचं काम आहे.

चेरी म्हणजे दासी. गढा-मंडल्याची गोंड राणी दुर्गावती हिने राणीताल बांधला, तिच्या दिवाणाने अधारताल आणि दासीने चेरीताल, अशी जबलपुरातली जुनी आख्यायिका. राणी 1564 साली मोगलांशी लढताना धारातीर्थी पडली. आज चेरीताल म्हटलं की जबलपूरकराच्या डोळ्यांपुढे गजबजलेली वस्ती येते, पाणी नाही. इथे तळं होतं हे आता नावच सांगतं. मागे उरलेल्या खुणेवरून घडून गेलेली गोष्ट ओळखायची, ही उत्क्रांतिशास्त्राचीही रीत आहे.

या वस्तीतला एखादा मुलगा किंवा मुलगी बी.एस्सी.ला जीवशास्त्र घेते तेव्हा उत्क्रांती समोर येते ती नोट्समधून. लामार्क, डार्विन, हार्डी-वाइनबर्गचं समीकरण, घोड्याच्या पायांची आकृती. पाठ करायचं आणि पेपरात उतरवायचं. पुष्कळांची तर या विषयाशी तेवढीही गाठ पडत नाही. एनसीईआरटीने 2023 च्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढून टाकला आणि ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ या धड्यात आनुवंशिकता तेवढी ठेवली. अठराशेहून अधिक वैज्ञानिकांनी आणि शिक्षकांनी पत्र लिहून याला विरोध केला. बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय आहे, पण दहावीनंतर वाणिज्य किंवा कला घेणाऱ्याच्या वाट्याला तो येणार कुठून? म्हणून जे थोडे विद्यार्थी महाविद्यालयात हा विषय शिकतात, त्यांनी तो नीट शिकणं फार मोलाचं आहे.

शब्दाच्या आधीचं हाड

जबलपूरच्या छावणीजवळ बडा शिमला नावाची टेकडी आहे. 1828 साली तिथे कॅप्टन विल्यम स्लीमनला दगड झालेली हाडं सापडली. ठगांचा बंदोबस्त करणारा अधिकारी म्हणून आपण ज्याला ओळखतो तोच हा स्लीमन. ‘डायनोसॉर’ हा शब्द रिचर्ड ओवेनने 1842 मध्ये घडवला. म्हणजे शब्दाच्या चौदा वर्षं आधी जबलपुरात हाड हाती आलं होतं. ते कोलकात्याला पोचलं आणि 1877 मध्ये रिचर्ड लिडेकरने त्या शेपटीच्या मणक्यांवरून ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिलं. भारतातल्या डायनोसॉरला मिळालेलं हे पहिलं शास्त्रीय नाव.

विद्यार्थ्याने खरं शिकावं ते यापुढचं. 2003 मध्ये अभ्यासकांनी दाखवलं की त्या मणक्यांत एका प्रजातीला इतरांपासून वेगळं काढता येईल असं एकही खास लक्षण नाही. म्हणून ते नाव आता वर्गीकरणात टिकणारं मानलं जात नाही. हरवला समजला जाणारा मूळ अवशेष 2012 मध्ये कोलकात्यात पुन्हा हाती लागला, तेव्हाही निकष तोच राहिला. नाव कितीही जुनं आणि मानाचं असो, पुरावा कमी पडला की ते मागे पडतं.

गोंडवन आणि अर्जेंटिना

जर्मन पुराजीवशास्त्रज्ञ फ्रिड्रिश फॉन ह्युने आणि चार्ल्स मॅटली यांनी 1933 मध्ये बडा शिमल्यावरच्या मांसभक्षक डायनोसॉरांना इंडोसुकस, इंडोसॉरस अशी नावं दिली. कवट्यांचे तुकडेच हाती असल्याने यांचं कूळ कुठलं ते नीट लागेना. 1985 मध्ये अर्जेंटिनातल्या अबेलिसॉरस आणि कार्नोटॉरसची वर्णनं प्रसिद्ध झाली आणि जबलपूरच्या तुकड्यांचे नातलग सापडले. मादागास्करचा माजुंगासॉरसही त्याच कुळातला निघाला.

नर्मदाकाठचा प्राणी आणि दक्षिण अमेरिकेतला प्राणी भाऊबंद कसे? कारण हे भूभाग एकेकाळी जोडलेले होते. भारत मादागास्करपासून सुटला तो सुमारे 9 कोटी वर्षांपूर्वी. जमीन फाटली आणि एका पूर्वजाचे वंशज वेगवेगळ्या भूखंडांवर आपापल्या वाटेने बदलत गेले. त्या जोडलेल्या महाखंडाला जग गोंडवन म्हणतं, आणि तो शब्द याच मुलखाचा, राणी दुर्गावतीच्या गोंडांचा आहे. चेरीतालच्या मुलाला ‘समान पूर्वज’ ही कल्पना समजावताना याहून जवळचं उदाहरण कुठलं द्यायचं?

घरट्यातला साप, शेणातलं गवत

नर्मदेवरच्या लम्हेटा घाटावरून ज्यांना नाव मिळालं ते लम्हेटा खडक सुमारे साडेसहा ते सात कोटी वर्षांपूर्वीचे. दख्खनच्या काळ्या पाषाणाखाली ते गुजरातपासून विदर्भापर्यंत तुकड्यातुकड्यांनी दिसतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले धनंजय मोहबे यांनी 1984 मध्ये गुजरातेतल्या धोली डुंगरीला याच खडकांत डायनोसॉरचं घरटं शोधलं. त्यातली सगळी हाडं पिल्लाचीच, असं आधी वाटलं. 2001 मध्ये जेफ्री विल्सन यांनी त्यांत सापाचे मणके ओळखले. फुटलेल्या अंड्याभोवती सुमारे साडेतीन मीटरचा साप वेटोळं घालून होता आणि शेजारी अर्ध्या मीटरचं पिल्लू. 2010 मध्ये त्याला ‘सनाजेह इंडिकस’ हे नाव मिळालं. अजगरासारखा प्रचंड जबडा फाकणं या सापाला जमत नव्हतं. अंडं गिळता न येणारा हा साप नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लांवर जगत असावा. सापाचा जबडा टप्प्याटप्प्याने कसा बदलत गेला, त्यातला एक टप्पा इथे दगडात दिसतो.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला तर दगड झालेलं शेण मिळतं. वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये त्यात गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे सूक्ष्म कण दाखवले. गवताचे इतके वेगवेगळे प्रकार डायनोसॉरच्या काळी नव्हते, अशी तोवरची समजूत होती. ती बदलावी लागली. पुढे 2011 मध्ये याच भागातल्या कणांत भाताच्या कुळातलं गवतही ओळखलं गेलं. आपल्या ताटातल्या भाताच्या भावकीचा माग विदर्भातल्या एका गावी लागला.

वहीतला एक रकाना

म्हणून अध्यापकांना एक कळकळीची विनंती. सत्रातून एकदा तरी वर्ग लम्हेटा घाटावर न्यावा. तिथला दगड फोडायचा नाही, उचलून आणायचा नाही. थर बघायचे, वहीत काढायचे, कुठला आधीचा आणि कशावरून ते लिहायचं. वर्गात परतल्यावर हार्डी-वाइनबर्गचं समीकरण जरूर शिकवावं, कारण पिढ्यांगणिक जनुकांचं प्रमाण कसं सरकतं हे खडक सांगत नाही. गणित आणि खडक दोन्ही हवेत.

आणि प्रात्यक्षिकाच्या वहीत निरीक्षण व निष्कर्ष यांच्या पुढे तिसरा रकाना आखून घ्यावा: ‘माझा निष्कर्ष चुकीचा ठरायला काय सापडावं लागेल?’ लिडेकरच्या नावाला, घरट्यातल्या हाडांना, गवताच्या वयाला हाच प्रश्न विचारला गेला आणि तिन्ही वेळा उत्तर बदललं. विद्यार्थ्याने तो रकाना प्रामाणिकपणे भरला, तर त्याला उत्क्रांतिशास्त्र येऊ लागलं असं समजावं.