जहाजाला बेडी, खलाशाला न्याय?

जहाज हा मोठा विलक्षण ऋणको होय. मालक एका देशाचा, निशाण दुसऱ्याच देशाचे, आणि नांगर उचलला की एका रात्रीत ते कायद्याच्या टप्प्याबाहेर! म्हणूनच नाविक न्यायालये मालकाचा शोध घेत न बसता जहाजालाच प्रतिवादी मानून अटकावून ठेवतात. ब्रिटिश अमदानीत हा अधिकार मुंबई, कलकत्ता व मद्रास या तीनच उच्च न्यायालयांस होता, आणि स्वातंत्र्यानंतरही १८६१ व १८९० चे विलायती कायदेच चालू राहिले. १९८४ साली मुरगावहून माल घेऊन गेलेले ‘एलिझाबेथ’ जहाज पुढे विशाखापट्टणमला अडकले, तेव्हा निर्यात मालाचा दावा या कायद्यांत बसत नाही, अशी ढाल मालकांनी पुढे केली. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये ती मोडून काढली. अखेर २०१७ चा स्वदेशी कायदा १ एप्रिल २०१८ पासून अमलात आला, आणि गुजरातपासून बंगालपर्यंतच्या किनारी राज्यांच्या उच्च न्यायालयांस हा अधिकार लाभला.

या कायद्याने जहाजावरील बोजांत पहिला मान खलाशांच्या वेतनास दिला, याचे आम्ही स्वागत करतो. परंतु मालकाने वाऱ्यावर सोडलेल्या, खिशात दमडी नसलेल्या खलाशाने भर समुद्रातून न्यायालयाची पायरी गाठावी कशी? जहाज अटकावले न गेल्यास त्याचा हा बोजा दोन वर्षांत संपुष्टात येतो. बंदराधिकाऱ्यांनी त्याची तक्रार तातडीने न्यायासनापर्यंत पोचवावी आणि सरकारने त्यास वकील द्यावा, अशी आमची आग्रहाची मागणी आहे. तसे न झाल्यास हा कायदा केवळ धनिकांच्याच कामी येईल.